ब्रॅकेटचा आतला कोपरा

सोमवार, ता. ४. सकाळी ९.१०
शुक्रवारी प्रोबेशन संपतं. साहेबांनी पंपाच्या ब्रॅकेटवरचा ताण काढायला दिलाय. रिपोर्ट बरोबर आला तर मी कायम, नाहीतर घरी. डिप्लोमा अर्धवट सोडलेल्याला असा चान्स पुन्हा मिळत नाही, असं आई म्हणते. रोज म्हणते.
काम सोपं आहे. एल आकाराचा लोखंडी तुकडा. कॉम्प्युटरवर त्याचे बारीक चौकोन पाडायचे, म्हणजे मेश करायची, आणि कुठे किती ताण येतो ते बघायचं. मर्यादा २५०. आतल्या कोपऱ्याला गोलाई होती, ती मी काढून टाकली. तिच्यामुळे चौकोन वाकडे पडत होते. आता मेश गणिताच्या वहीसारखी दिसते.
ताण १८२. पास. पण मी तेवढ्यावर समाधान मानणारा नाही. मेश दुप्पट बारीक करणार.

दुपारी ४.३०
२४९. काठावर पास. आणखी एकदा.

मंगळवार, ता. ५
३४१. डबा उघडला नाही.
शेजारच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या, गोलाई परत घाल. टोकदार कोपऱ्यात मेश जितकी बारीक करशील, तितका आकडा चढतच राहणार, त्याला अंत नाही. माणूस नोकरीत जुना झाला की कष्टाला कंटाळतो.
निर्धार: ताईंशी कामापुरतंच बोलणे.

बुधवार, ता. ६
४६८. तीनदा तपासलं. ब्रॅकेट तुटणार, आणि हे जगात फक्त मला माहीत आहे.

दुपारी ३.००
वर्कशॉपमध्ये जाऊन, पाठवायला काढलेल्या चाळीस ब्रॅकेटना लाल चिठ्ठ्या बांधल्या. ‘धोकादायक. वापरू नये.’ चाळीसही चिठ्ठ्यांचं शुद्धलेखन तपासलं. ट्रक रिकामा परत गेला.

गुरुवार, ता. ७
फोरमनकाका ब्रॅकेट घेऊन थेट टेबलापाशी आले. माझा अंगठा धरून आतल्या कोपऱ्यात फिरवला.
“बोचतंय का कुठे?”
नव्हतं बोचत.
“मग तुझ्या कॉम्प्युटरला काय बोचतंय?”
सगळं ऑफिस हसलं. ताई हसल्या नाहीत. ते जास्त लागलं.
ताईंनीच गोलाई परत घातली. २०६. मेश बारीक केली, २०८. आणखी बारीक, २०८. आकडा तिथेच थांबला. वीस मिनिटांत झालेलं काम बरोबर असतं, हे मला पटत नाही. पण साहेबांना माझी चिकाटी दिसली असणारच. उद्या बोलावलंय. केस कापून घेणे.

शुक्रवार, ता. ८. संध्याकाळी ७.१५
साहेब रागावले नाहीत. रिपोर्टची सत्तावीस पानं चाळली. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, म्हणाले. मग विचारलं, “ब्रॅकेटवर ताण किती?”
“कोणत्या मेशला, साहेब?”
त्यांनी ओळखपत्र मागून घेतलं.
आईनं दारातच विचारलं, झालास का कायम? हो म्हणालो. तेवढ्यात तिनं मामाला फोनही लावला.
सोमवारी साडेआठला डबा घेऊन निघायचं. कुठे, ते रविवारपर्यंत ठरवणे.