उजेड कमी पडतोय

९ नोव्हेंबर, रविवार
दिव्यांशिवाय गाडी बाहेर काढायची नाही म्हणे! आणि हे मला सांगतो! उभी हयात बस डेपोत वायरिंग करण्यात गेली माझी, आणि गेटवरचा हा मिशाळ वॉचमन मला दिव्यांचं शिकवणार! "काका, अंधार पडल्यावर दिवे नसलेली गाडी चालणार नाही. नियम आहे." कालपर्यंत नव्हता, आज कुठून उगवला? विचारलं तर मिशा कुरवाळत बसला.

गाडी कसली, जुनी गोल्फ कार्ट. मैदानावर साहेब लोकांना फिरवून म्हातारी झालेली. बायकोचे गुडघे गेले म्हणून घेतली. संध्याकाळी हिला मेव्हणीकडे पोचवायचं आणि पत्त्यांचा डाव झाला की परत आणायचं, एवढंच तिचं काम. मेव्हणीबाई दिवसभर शिवणयंत्रावर असतात, मोकळ्या होतात त्या दिवेलागणीलाच. साडूभाऊ गेल्यापासून संध्याकाळी त्यांना घर खायला उठतं. डाव बंद पडला तर दोघी बहिणी झुरतील. तेव्हा दिवे बसणार! आठ दिवसांत!

ही म्हणाली, "राहू द्या हो, कशाला व्याप?" काल माझ्या चाकाखाली तिची कुंडी फुटली, त्याचा राग असणार. कुंडी वाटेतच ठेवलेली, मी काय करू?

जाता जाता — या वहीच्या रेघा फारच फिक्या आहेत. हल्ली कशात राम राहिला नाही.

१० नोव्हेंबर
दोन दिवे आणले. बारा व्होल्टचे. गाडीत बॅटऱ्या सहा, प्रत्येक सहा व्होल्टची, मिळून छत्तीस. थेट जोडले की दिव्यांची राख.

जावईबापूंचा फोन. "बाबा, रिड्युसर लावा. छत्तीसचे बारा करणारा डबा असतो. मी पाठवतो." म्हटलं, डबाबिबा काही नको. दोन बॅटऱ्यांवरून वायर घेतली की झाले बारा! तर म्हणतात, "बाबा, मग त्या दोनच उतरतील." दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारा माणूस. बॅटरीला कधी हात तरी लावलाय का?

११ नोव्हेंबर
दिवे लागले! जावयाला फोन करून सांगितलं. मुद्दाम. हिला म्हटलं, चल पत्त्यांना. नेमका आज गुडघा दुखतोय.

१५ नोव्हेंबर
पार शोभा झाली! दिवसाढवळ्या हिला गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेत होतो. चढावर, लाँड्रीच्या दारात, गाडीनं मान टाकली. चार रात्री दिवे लावून ठेवले होते; ज्या दोन बॅटऱ्यांवर ते टाकले होते त्या पार उतरल्या, आणि त्यांना ओढता ओढता उरलेल्या चारही दमल्या. इस्त्रीवाला आणि पोस्टमन मागून ढकलतायत, मी घामाघूम, आणि ही वर बसून लोकांना राणीसारखी हात हलवतेय!

"गाडीचेही गुडघे तपासून घेऊ," म्हणाली. पोस्टमन हसून हसून ढकलायचा थांबला. मला तेव्हा हसू आलं नाही. आत्ता येतंय. या गाडीचा आणि माझा छत्तीसचा आकडा आहे, दुसरं काही नाही.

१६ नोव्हेंबर
जावयानं न विचारता डबा पाठवलाच होता! कपाटावर पडून होता, आज हाती लागला. "सांगायचं विसरले," म्हणाली. ही आणि विसरणार! आमच्या लग्नात कोण जेवायला थांबलं नाही ते अजून सांगते.

डब्यावरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. हिच्याकडून वाचून घेतली. लाल वायर बॅटऱ्यांच्या माळेच्या एका टोकाला, प्लसला, काळी दुसऱ्या टोकाला, मायनसला, पिवळीतून बारा बाहेर. मध्ये फ्यूज.

१८ नोव्हेंबर
डबा सीटखाली बसवला. लाल, काळी, पिवळी, फ्यूज — सगळं चोख. दिव्यांची मायनस वायर बसमध्ये देतो तशी सरळ बॉडीला पिळून टाकली. ऐटीत बटण दाबलं.

अंधार!

१९ नोव्हेंबर
अंधारच. फ्यूज बदलला, बटण बदललं, दिवे बदलले. जावयाला मनातल्या मनात काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

२० नोव्हेंबर
ही शेजारी स्टूल टाकून मटार सोलत बसली होती. मध्येच विचारलं, "दिव्याची काळी वायर कुठे गेली?"

"बॉडीला."

"आणि बॉडीतून पुढे?"

"पुढे बॅटरीच्या..."

बसमध्ये बॅटरीचा मायनस बॉडीला बांधलेला असतो. सगळी बस म्हणजे एक मोठी मायनस वायर! आणि या कार्टची बॉडी? ना कुणाच्या अध्यात ना मध्यात. बॅटरीशी तिचा काडीचा संबंध नाही. करंट परत येणार कुठून? पण हात सवयीचा गुलाम, बॉडी दिसली की वायर ठोकतो.

"तेच बघत होतो," म्हणालो.

"हो ना," ही म्हणाली आणि एक मटार तोंडात टाकला.

दिव्यांची काळी वायर नेऊन डब्याच्या काळीला जोडली. पेटले!!

२१ नोव्हेंबर
पेटले खरे, पण उजेड कमी पडतोय. पिवळट. दिव्याभोवती नुसतं धुकं. मीटर लावला. त्याचे आकडेही मेले फिके, हिलाच वाचायला सांगितले. "बारा." नक्की? "बारा हो, बारा!" मग हे असं का? डबा नकली असणार.

२४ नोव्हेंबर
जाड वायर ओढली. मोठे दिवे आणले. उजेड तसाच! वॉचमनला बोलावून दाखवलं. तर डोळ्यांवर हात धरून ओरडतो, "काका, बंद करा! डोळे दिपले!" खोटारडा. चहासाठी माणसं काहीही बोलतात.

२५ नोव्हेंबर
बरं, कमी तर कमी, दिवे आहेत ना? मग चल पत्त्यांना. तर आज गुडघा ठणकतोय. काल ताई दमली होती. परवा आभाळ आलं होतं. एवढी मरमर केली ती कुणासाठी? तडकलो. तीही तडकली.

नंतर मेव्हणीबाईंचा फोन आला. ही आतल्या खोलीत जाऊन हळू बोलत होती. "मलाही करमत नाही गं," एवढंच ऐकू आलं. मग जात का नाही ही बाई?

२७ नोव्हेंबर
ठरवलं. ही जात नाही, तर मेव्हणीबाईंनाच इकडे आणतो! अंधार पडल्यावर हिला न सांगता गाडी काढली. दोन्ही दिवे चालू. गेटपाशी वळलो आणि — काडकन! वॉचमनची खुर्ची चाकाखाली. तो पाणी भरायला उठला होता म्हणून वाचला. बाटली घेऊन धावत आला.

"काका, दिवसासारखा उजेड पडलाय. खुर्ची दिसली नाही?"

नाही दिसली. तो तिच्यात बसलेला असता तर? अक्षर वाकडं येतंय.

२८ नोव्हेंबर
हिला सगळं सांगितलं. रागावेल वाटलं होतं. रडली.

३० नोव्हेंबर, रविवार
मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डबा बरोबर, वायर बरोबर, बारा म्हणजे बाराच. वॉचमनला नवी खुर्ची नेऊन दिली तेव्हा मिशा कुरवाळत म्हणाला, "नियमबियम काही नाही काका. कुंडी फुटली त्या दिवशी काकूंनी सांगायला लावलं होतं." आणि मला वाटत होतं हिचा गुडघाच दुखतोय! संध्याकाळी निघालो. स्टिअरिंग हिच्या हातात, पेडल माझ्या पायाखाली. ही "थांबा" म्हणाली की थांबायचं. मेव्हणीबाई दारातच उभ्या होत्या. पानं वाटली. बदाम की चौकट, मला कळेना. हिने वाकून माझी सगळी पानं माझ्या कानात सांगितली. मग मलाच हरवलं.