सडक्या चिकूंचा गॅस

रानशेत, गुरुवार, दिवेलागणीला

मघाशी जमनाकाकीने शेगडीसाठी काडी ओढली आणि गॅसच्या नळीजवळून भसकन जाळ उठला. तिचा पदर पेटला. मी गोधडी टाकून विझवला. तिचं मनगटच भाजलं, पण मला तो पेटता पदरच दिसतोय.

शेगडी माझीच. सडक्या चिकूंपासून गॅस करायची माझी कल्पना अनुदानाच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत आहे आणि उद्या परीक्षक बघायला येणार आहेत. नळी उंदराने कुरतडली होती. पाड्यातल्या बाकी घरांतही मी तसलीच नळी जोडलीय. पदराऐवजी कुणाचा पाळणा पेटला असता तर?

काकी म्हणाली, "नवी नळी लाव नि गप रहा. उद्या काय बोलू नको."

मी घरोघरी जाऊन कॉक बंद केले. मग परीक्षक मॅडमना फोन करून सगळं सांगितलं.  त्यांनी एवढंच विचारलं, "काकींना दवाखान्यात नेलंत का?"

नेलं नव्हतं. उद्याच्या भीतीत मला ते सुचलंच नव्हतं.

आता काकी माझ्या शेजारी मनगट पाण्यात बुडवून बसलीय.  रिक्षा सांगितलीय, अजून आली नाही.