उपासाच्या प्रवचनाचा उरलेला भाग

२ एप्रिल, शनिवार. अहमदपूर
लातूरचे ग्रंथालयवाले साहेब येऊन गेले. जिल्हा नवा, इमारत भाड्याची, कपाटं रिकामी. तालुक्यातली जुनी पुस्तकं तिकडे गोळा करणार. म्हणजे पाद्रीसाहेबांची पेटी. अमेरिकन मिशनचा बंगला सोडून जाताना ते आमच्या वाचनालयाला देऊन गेलेले: दोन-दोनशे वर्षांपूर्वीची अमेरिकेतली प्रवचनं, पत्रकं, इंग्लंडच्या राजाविरुद्धची चोपडी. वेखंड घालून, पानं चिकटवून मी जपली. डिक्शनरी घेऊन वाचलीही. तालुक्यात दुसऱ्या कोणी वाचली नाहीत, हे लिहून ठेवतो.
साहेब : यादी कोणी केली? मी. सर्टिफिकेट? नाही. शाळा सातवीपर्यंत.
मग म्हणाले, शिपायाची जागा आहे, पेटीबरोबर येऊ शकता. साहेब सभ्य. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

४ एप्रिल
अप्पांकडे गेलो. (वाचनालयाचे अध्यक्ष. मोंढ्यात भुसार मालाची आडत.)
"शिपाई कशापायी मास्तर? मी शिफारस देतो, सहायक म्हनून घेतील. माझा शब्द न्हाई मोडनार लातूरवाले."
बरं वाटलं. बरं वाटलं याचा रागही आला.
चोपड्यांच्या पाठी खिळखिळ्या आहेत, म्हणून खळीसाठी वाटीभर पाणी घेतलं. सौ. : "पोरींचे ओठ फुटले आन् तुमी अमेरिकेला पानी पाजून राहिले!" खळ केली. खळीला कीड लागू नये म्हणून घालतो तो मोरचूद संपत आलाय. नांदेडला चांगला मिळतो, पण जाणार कोण.

७ एप्रिल
अप्पांनी विचारलं, पेटीत हाय तरी काय? सांगितलं : एक प्रवचन दुष्काळावरचं आहे. पाऊस नव्हता, म्हणून तिथल्या गव्हर्नरनं सगळ्यांना एक दिवस उपास धरायला लावला. त्या दिवशी पाद्री जे बोलला ते छापलंय.
"आरं तिच्या! म्हंजी ते बी आपल्यावानीच की!"
हुकूम झाला. रविवारी टँकरच्या रांगेपुढे मराठीतून वाचायचं. लोक आयतेच जमलेले असतात.

१० एप्रिल, रविवार
वाचलं. भाषांतर तीनदा तपासलेलं. एखादं काम करायचं तर शिस्तीत, म्हणून आधी मुखपृष्ठ. प्रवचनकाराचं पूर्ण नाव, हुद्दा. मुद्रकाचं नाव, दुकान कोणत्या गल्लीत ते. मग वसाहत म्हणजे काय. एक बाई : "मास्तर, पाऊस कव्हा येतोय त्याच्यात?" सगळे हसले. मी थांबून समजावलं की संदर्भाशिवाय अर्थ लागत नाही.
मग पहिला भाग. आभाळाला कुलूप का लागलं, माणसं कशी चुकली, मान खाली घालून उपास का धरायचा. शांत ऐकलं सगळ्यांनी. अप्पांनी हात जोडले.
दुसऱ्या भागाचा पहिलाच शब्द 'पण'. पण म्हणालो आणि टँकरचा हॉर्न वाजला. हंडे, घागरी, पोरं, सगळं पळालं. मी पानं धरून उभा.
उरलं ते असं : शेजाऱ्याची घागर कोरडी आणि तुमचं कोठार कुलपात, तर हा उपास वाया. मान कितीही खाली घाला, वरचा बघणार नाही. हे तो पुढच्या बाकांवर बसलेल्या व्यापाऱ्यांकडे बघून बोललेला असणार. हा माझा अंदाज, छापलेलं नाही.

१२ एप्रिल
मारुतीच्या पारावर बैठक. सोमवारी गावानं उपास धरायचा आणि आजपासून महादेव कोंडायचा, म्हणजे गाभाऱ्यात पिंडीवर चढेल इतकं पाणी भरायचं, पाऊस पडेस्तोवर उतरू द्यायचं नाही. मागच्या दुष्काळात पाण्यावाचून बेत सोडला होता. या वेळी कोणी आढेवेढे घेतले की अप्पा माझ्याकडे बोट करत : "अमेरिकेत करतेत! मास्तरनं पुराव्यानिशी वाचून दाखवलं न्हाई का?"
पाणी कुठलं? टँकरच्या दुसऱ्या खेपेचं. दुसरी खेप आमच्या वस्तीची.
"चार दिसाचा तर सवाल हाय, मास्तर."
अमेरिकेत पिंड नव्हती, पाणी कोंडलं नव्हतं, हे बोललो. बहुतेक मनातच.

१५ एप्रिल
गाभारा गळतो. रोज भरावा लागतो.
वस्तीच्या बायका दोन कोसांवरच्या विहिरीला जातात. खरवडून गढूळ पाणी. सौ.चा खांदा सुजलाय. सखूआत्या दारात आली. छप्पन सालच्या दीक्षेच्या वेळची ती. "बाबा, तुझ्या पुस्तकानं आमचं पानी देवाला देलं. आमी देव सोडला, पर देव आमाला सोडंना." आणि हसली. तिचं हसणं जास्त लागलं.

१७ एप्रिल, रविवार
आडतीवर गेलो. म्हणालो, उरलेला भाग वाचू द्या.
"काय हाय त्यात?"
जसंच्या तसं सांगितलं. अप्पा मोठ्यानं हसले, मग थांबले. मागे ज्वारीची पोती आढ्याला भिडलेली. त्यांनी वळून बघितलं नाही, मीही बघत नाही असं दाखवलं.
"मास्तर, पाद्री तुमचा न्हाई, म्हादेव तुमचा न्हाई. मंग तुमाला काय पडलंय?"
"वाक्य अर्धं राहिलंय, अप्पा."
"लोकास्नी तेवढं पुरं झालं. शिफारस टाईप करायला देलीय. लातूरला जाऊन वाचा पायजे तितकं. हितं न्हाई."
रस्त्यात सुचलं. पाणी अर्धं राहिलंय, असं म्हणायला पाहिजे होतं.

१९ एप्रिल
पेटी भरली. राजाविरुद्धचं चोपडं पुन्हा चाळलं. आम्हाला न विचारता आमच्याकडून काही घेऊ नका, एवढंच पानोपानी. इतकी वर्षं मला वाटायचं, हे फक्त मला कळलंय.
सौ. : भोकरला भाऊ बोलावतो, चला. पेटी गेल्यावर हितं काय धरून बसनार?
पेटीबरोबर गेलो तर अप्पांचा माणूस. नाही गेलो तर कोणाचाच नाही. भोकरला गेलो तर मेव्हण्याचा. आणि वस्ती इथंच.

२१ एप्रिल
उद्या जीप येणार. अप्पांनी शिफारस दाखवली. सही, शिक्का, 'इंग्रजीचे उत्तम जाणकार'. पुन्हा घडी करून स्वतःच्याच खिशात ठेवली. "उद्या पेटी चढली की देतो."
मूळ प्रवचन पेटीत गेलं. भाषांतराची पानं कपाटावर.
सौ. : "ती मराठी पानं कुटं हायत?" सांगितलं. "बरं," म्हणाली.

२२ एप्रिल, शुक्रवार, सकाळी
वाचनालयाच्या पायरीवर लिहितोय. रांग लागलीय. आमच्या वस्तीच्या बायकाही आल्यात, आपली खेप नाही तरी. सखूआत्या पुढेच बसलीय. सौ.नं काल कोणाकोणाला निरोप दिले, मला माहीत नाही.
जीप नाही अजून. टँकर नाही.
अप्पा समोर आलेत. हातात लिफाफा, मला दिसेल असा.
सौ.नं कपाटावरची पानं आणून हातात दिली. रिकामं पिंप उलटं घातलं. "ह्याच्यावर उभं ऱ्हावा. आन् छापखान्याचं नाव वाचू नगा."
मुद्रकाचं नाव गाळणं चूक आहे. तिला म्हणालो तसं.
"टँकर यील," म्हणाली.
वरचं पान काढून खिशात घातलं. त्याखालचंही. आता सगळ्यात वर 'पण'.