खंडेनवमीचं ऑडिट

तीर्थरूप पद्मजाआत्यास,

नंदकिशोरचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? राजगुरुनगरची हवा मानवतेय ना? इकडे चिखलीत आम्ही सगळे मजेत, आमचं वर्कशॉप सोडून.

तू जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलंस, म्हणून हे तुलाच लिहितो. खंडेनवमीला आम्ही मिलिंग मशीनची पूजा केली, झेंडूची माळ घातली आणि तेवढ्यात गिऱ्हाईक कंपनीचे जर्मन साहेब, क्रेमर, ऑडिटला हजर. (त्यांच्या कॅलेंडरात खंडेनवमी नसते.) मशीन पास झालं तर वर्षभराची ऑर्डर, नाहीतर दुसरी शिफ्ट बंद. साहेब म्हणाले, चालवून दाखवा. पण पूजलेलं यंत्र दसऱ्यापर्यंत चालवायचं नाही, ही आमची रीत. आमचा ऑपरेटर जयदीप तर हाताची घडी घालूनच उभा राहिला. "न्हाई राव, आज हात लावायचा न्हाई." मग मी माझ्या इंग्रजीत साहेबांना सांगितलं, मशीन आज 'होली' आहे.

तिथेच घात झाला. गृहस्थ एकदम खुलले. म्हणाले, हा शब्द आमच्याच भाऊबंदांतला, जर्मनमध्ये 'हायलिश'. मूळ अर्थ सबंध, अखंड, इजा न झालेलं. इंग्रजीतला 'होल' म्हणजे सबंध आणि 'हील' म्हणजे बरं होणं, ही त्याचीच भावंडं. मी मान डोलावत राहिलो. (पाहुणा बोलतोय तोवर मशीन चालवावं लागत नाही.) मग मशीनवरचं कुंकू बघून म्हणाले, 'ब्लेस' हा शब्दही रक्तावरून आला असं मानतात, पूर्वी रक्त शिंपडून वस्तू पवित्र करत. बोलता बोलता त्यांची नजर जयदीपच्या पट्टी बांधलेल्या बोटावर गेली. त्यांनी माळ बाजूला सारली आणि विचारलं, इथलं सेफ्टी गार्ड कुठाय?

कटरपुढचं ते पारदर्शक झाकण नव्हतंच. लोखंडाचा कीस उडून जयदीपचं बोट कापलं होतं ते त्यामुळेच. मशीन अखंड नाही, तेव्हा होलीही नाही, असं म्हणून साहेब गेले. सोमवारी परत येणार आहेत. आत्या, मला खरंच लाज वाटली. आपण माळ घालून मोकळे झालो आणि मशीनकडे नीट बघितलं ते परक्या माणसानं.

काकांना नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझा
नंदकिशोर

ता. क. देव्हाऱ्यात मांजर शिरू नये म्हणून गणपतीत मी जे काचेसारखं दार बसवून दिलं, ते लगेच काढून ठेव. मांजराचं देव बघून घेतील.

ता. क. (दुसरा) न्यायला जयदीपच येतोय. झाकण कुठे गेलं, हे तो महिनाभर सगळ्यांना विचारतोय, मलासुद्धा. स्क्रू तेवढे तूच काढून ठेव, त्याचं बोट अजून दुखतंय.