मधला डबा थोरल्या घरी

मु. कळंब

पणदऱ्याचे आमचे व्याही दादासो यांना गेणबाचा हात जोडून रामराम.

तुम्ही दिवाळीच्या शिदोरीबरोबर होम थेटर पाठवलंत आणि त्याची पोच मी आता, ऊस तुटून गेल्यावर देतोय, याची आधी माफी असावी. लिहायला रोज बसायचो, पण काय लिहावं या काळजीनं पेन परत खिशात जायचा. तुमचे गुडघे कसे आहेत? विहीणबाईंची साखर? (माझी छाती अधूनमधून धडधडते. पण धडधडते ती छाती की पलंगाखाली ठेवलेला होम थेटरचा मोठा डबा, हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही.) तुमची सुकन्या ठणठणीत आहे. चिंचा मागते, आणून दिल्या की नको म्हणते. काळजी आहे ती तिच्या डोहाळजेवणाची. आमच्यात पहिली ओटी थोरल्या घरची बाई भरते, आणि अंगणात भिंत घातल्यापासून माझा थोरला भाऊ तात्याबा आणि मी बोलत नव्हतो, हे तुम्ही जाणताच.

तर होम थेटर. सुनेच्या माहेरची शिदोरी भावकीत वाटायची, ही आमची रीत. लाडू वाटले, करंज्या वाटल्या, आणि खोक्यातून आवाजाचे सहा डबे निघाले म्हटल्यावर तेही वाटणं आलंच. आमचा पोरगा दिग्विजय "आबा, ते वाटायचं नसतंय ओ" म्हणत होता, पण आजकालच्या पोरांना रीतभात कुठं कळते? मधला डबा सगळ्यांत लांब आणि देखणा, म्हणजे मानाचा. तो सुकन्याच्या हाती तात्याबाकडं पाठवला आणि वायर भिंतीवरून नेली. (बोलणं बंद करता येतं, मान बंद करता येत नाही.) एक डबा आमच्या मंडळींना, मुक्ताबाईला, स्वयंपाकघरात दिला. एक गोठ्यात टांगला, कारण गाण्यावर म्हशी जादा दूध देतात असं ऐकलं होतं. दोन टीव्हीशेजारी राहिले. मोठा माझ्या पलंगाखाली गेला, तिथं जागा होती म्हणून.

आधी सगळं झकास होतं. टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरपासून एक बारीक वायर जोडली आणि सगळ्या डब्यांत एकच आवाज आला. समान वाटणी, कुणाची तक्रार नाही. मग तुमचा फोन आला, "मागून वेगळा आवाज येतोय का? सराऊंड झालं का?" व्याह्यांनी एवढी वस्तू दिली आणि आमच्याकडं ती अर्धीच वाजते! दिग्विजयला भवानीनगरला पिटाळलं. त्यानं चपट्या तोंडाची दुसरी वायर आणली, कॉम्प्युटरमध्ये डब्यांच्या चित्रावर टिचक्या मारल्या, आणि दादासो, एका क्षणात सगळे डबे वेगळे निघाले.

सिनेमातला पाऊस गोठ्यात पडायला लागला. मी कडबा झाकायला धावलो, तर आभाळ कोरडं. म्हैस पान्हा चोरून उभी. सिनेमातलं दार स्वयंपाकघरात करकरतं, आणि मुक्ताबाई दर वेळी "कोण हाय?" म्हणत उठते आणि चहाला आधण ठेवते. टीव्हीवरची माणसं तोंडं हलवतात, पण शब्द नाही. बोलणं तेवढं सगळं मधल्या डब्यात, म्हणजे तात्याबाच्या घरात! भिंतीपलीकडून त्याची हाक आली, "गेण्या, मुद्द्याचं बोलणं थोरल्याच्याच घरात व्हतंय, ध्यानात ठेव!"

तेव्हापासून चित्र आमच्याकडं आणि शब्द त्यांच्याकडं. तात्याबाच्या घरच्या साखरवहिनी भिंतीवरून विचारतात, "आता रडतंय ते कोण हाय ओ, भावजी?" मी सांगतो, सासू. "मग रडू द्या." हिरो काय म्हणाला ते तात्याबा ओरडून सांगतो, पण पदरचं घालून. परवा हिरो मुलीला मागणी घालायला गेला, तर तात्याबाच्या म्हणण्याप्रमाणं त्यानं सासऱ्याला आधी ऊस कुठल्या कारखान्याला घालता ते विचारलं. खरं-खोटं कसं करणार?

तुमच्या देणगीची ही दशा. तुम्ही डोहाळजेवणाला याल तेव्हा कुठल्या तोंडानं समोर बसू, या विचारानं बेजार आहे.

आपला व्याही,
गेणबा

ता. क. दुरुस्तीसाठी तुमच्या पुतण्याला, ऋषिराजला, बरोबर आणणार असं सुकन्या म्हणाली. कृपा करून आणू नका. दुरुस्ती दिग्विजयलाही येते. मधला डबा नाहीच असं कॉम्प्युटरला सांगितलं की बोलणं टीव्हीशेजारच्या डब्यांत येतं, हे त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. मी त्याला गप्प बसवला. थोरला नाहीच, असं यंत्राला तरी कुठल्या तोंडानं सांगायचं?

आणखी एक ता. क. काल सिनेमा चालू असतानाच साखरवहिनींनी भिंतीवरून सुकन्याला ओटीच्या लुगड्याचा रंग विचारला. हिरवा ठरला. तेव्हा तुम्ही आल्यावर तात्याबासमोर एवढंच म्हणा, "हे असंच वाजतंय, आमच्या पणदऱ्यातबी असंच." म्हणाल ना? लवकर कळवा, पण पत्रानंच. फोनवर नको, आमच्याकडचं बोलणं हल्ली सगळं थोरल्या घरी ऐकू जातं.