जुन्या आवृत्तीवर अडलेली कांदापट्टी

मंगळ., ४ नोव्हें.
हातानं केलेलं: घरातला स्टॅबिलायझर (अजून चालू). औरंगपुऱ्यातल्या दुकानाचं काउंटर, खणांसकट. बायकोच्या, शोभाच्या, पिठाच्या गिरणीचा स्टार्टर. आणि 'पट्टी' हे सॉफ्टवेअर. वैजापूरच्या कांदा आडत्यांसाठी. लिलाव झाला की शेतकऱ्याचं वजन, भाव, हमाली, तोलाई मराठीत छापून हातात. ओळ न् ओळ माझी. क्लास नाही, गुरू नाही.
लिहायचं कारण, आज तिथले आडते रफिकभाई, त्यांच्या गादीवर पुण्याच्या कंपनीचा माणूस. त्याचंही सॉफ्टवेअर आहे. विचारतो, "काका, डिग्री कशातली?" "आयटीआय, वायरमन," म्हणालो. हसला नाही, तेवढी अक्कल होती.
रफिकभाईंचा जुना कॉम्प्युटर दिवाळीत गेला. नव्यावर 'पट्टी' बसेना. अर्ध्यात थांबते, लाल अक्षरं. अँटिव्हायरस, दुसरं काय. मशीन हलकं आहे असंही सांगून आलो.

बुध., ५
अँटिव्हायरस नाही. बंद करून पाहिला, तिथंच अडतं. मशीनही चांगलं आहे. शब्द परत घ्यावा लागणार.
लाल मजकूर पहिल्यापासून वाचला. लोक शेवटची ओळ वाचतात, दुखणं वर असतं. नव्या मशीनवर पायथन ('पट्टी' लिहिली ती भाषा) नवा; छपाईची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार भाग, मी मागतो ती जुनी. तिची तयार प्रत या पायथनसाठी निघालेलीच नाही. मग कॉम्प्युटर ती कच्च्या मालापासून बांधायला बघतो, आणि बांधायची हत्यारं तिथं नाहीत.
जुनीच पाहिजे असा हट्ट कुणाचा? माझा. माझ्या फायलीत माझीच टीप: "हीच आवृत्ती. कुणी हात लावू नये." कुणी म्हणजे कोण? मी एकटाच तर आहे.

गुरु., ६
शोभा: "मग जुना पायथन टाका की त्याच्यावर." चालेल. पण पुढच्या मशीनला पुन्हा हेच. म्हणालो, नळ गळतो म्हणून बादली बदलायची का? "सोमवारी लिलाव आहे. तवर बादली ठेवा, नळ मागून बघा." ऐकलं नाही.
नवी लायब्ररी घेतली. बसली! पण अक्षरांची रुंदी मोजायची जुनी आज्ञाच त्यांनी काढून टाकलेली. नवी आहे, ती निराळं मोजते. केलं बरोबर. माझ्या नावाची पट्टी छापली. देखणी.

शनि., ८
वैजापूर. रफिकभाईंनी खऱ्या शेतकऱ्यांची नावं घालून छापून बघितली. चष्मा कपाळावर. "इंजिनिअर साब, हमालीच्या खाली तोलाईचा आकडा आलाय. हमाल लोक गादीसकट उचलून फेकतील मला."
नाव, बापाचं नाव, गाव लांबलं की आकडे एक घर सरकतात. घरी माझ्याच नावावर तपासलं. माझं नाव आखूड.
म्हणालो, कंपनीची पट्टी इंग्रजीत, वाचणार कोण? "इंग्रजी हाय, पण सीधी हाय. सोमवारी पहिला ट्रॅक्टर खाली व्हायच्या आत तुमची ठीक झाली तर तुमची. नाय तर त्याची. दोस्ती अपनी जगह."
ते गेले तर यार्डातले बाकीचेही जातील. सगळे त्यांच्याकडं बघून चालतात.

रवि., ९
झालं. यार्डातली लांबात लांब नावं शोधून छापली. आकडे सुतात. जुनी टीप खोडली, नवी: "दर दिवाळीला तपासणे."
भरल्या लिलावात मात्र अजून चालवलेली नाही. उद्या पहिल्या एसटीनं निघतो. पेनड्राइव्हमध्ये जुना पायथनही घेतलाय. शोभाला बोललो नाही.
दुपारी त्या कंपनीवाल्याचा फोन. 'पट्टी' विकत पाहिजे, वर मला पगार, आजच हो म्हणा. "काका, उद्या चालेल का नाही, तुम्हाला तरी माहितीये का?"
नाही माहिती. तरी नाही म्हणालो.
सहा लाख देत होते.