डाव्या डोळ्याने समुद्र

ता. ४ एप्रिल

चि. थोरल्यास आईचे अ. आ.

चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणाऱ्या लेका, तुला एक आई आहे हे आठवतंय ना? नसेल तर सांगते. ती तुझ्या लेकीच्या चाकांच्या घरात पाय पसरून बसली आहे आणि सांगते ते तुझी लेक लिहिते आहे.

समुद्र शोधत नदीकाठाने गेलेल्या त्या जुन्या शोधकांच्या वाटेवर जागोजागी पाट्या आहेत. वाचून घेतल्याशिवाय मी गाडी हलू देत नाही. काल पाटी म्हणाली, इथे ते भलत्याच नदीला लागले आणि हात हलवत परतले. मी म्हटलं, मग आपणही लागू. चुकले तेवढं गाळलं तर त्यांची वाट कसली? गाडी चिखलात रुतली. दुधाच्या टँकरवाल्याने ओढून काढली, वर मलाच म्हणाला, आजी, उतरलात तर वजन हलकं होईल. मेला!

यात डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख हुकली. आता आधी समुद्र, मग सुरी. लोभ आहे तेवढा पुरे.

तुझी आई (अंगठा)

ता. ११ एप्रिल

ती. आईस सा. न. वि. वि.

चुकलेल्यांच्या मागे मुद्दाम चुकणारी तू एकटीच. उजवा डोळा गेलाच आहे. डॉक्टर म्हणतात, उशीर केला तर डावाही हातचा जाईल. पुढच्या रविवारी घाटाखालच्या गावात घ्यायला येतो. गाडी घाटावर चढवायची नाही, हे वाचणारीनेही ऐकावं. बाबांनी तुझ्यापुढे हात टेकले, मी टेकणार नाही. राग नसावा.

तुझा थोरला

ता. १५ एप्रिल

चि. थोरल्यास अ. आ.

घाटाखालच्या पोस्टात तुझं पत्र मिळालं, पोरीने वाचून दाखवलं. बाबांना काय सांगू, म्हणाली. म्हटलं, त्याला मी जन्म दिलाय, मीच सांगेन. तू घाट चढव.

पहिल्या गिअरमध्ये चढलो. वर पाहतो तर समुद्र कुठला, पुढे आणखी डोंगर! शोधकांनाही तेच दिसलं होतं म्हणे. पोरीचं तोंड उतरलं. मी एवढंच विचारलं, ते परत फिरले का? नाही म्हणाली. मग चल.

डॉक्टरांना कळवलंय, समुद्र झाला की त्याच आठवड्यात येते. तू घाटाखाली थांबू नकोस, थेट नदीच्या मुखाशी ये. सुरी फसलीच, तर समुद्राबरोबर तुझंही तोंड डोळ्यात भरून घेतलेलं असू दे. लोभ तिथेच वाटून घेऊ.

येताना भाजलेले शेंगदाणे आण, सोललेले. बिस्किटं आणलीस तर माशांना घालीन.

तुझी आई (अंगठा)